ऑक्टोबरचा अंदाज, एप्रिलचा हिशेब: एनएचएलची भाकितं कुठल्या मापानं मोजावीत?

२०२५च्या एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात एकाच पैजेचे दोन विजेते निघाले. टोरांटोच्या उपनगरातलं ऑफिस, आम्ही आठ-दहा जण, आणि दर ऑक्टोबरला हंगामाआधी भरायची एक एक्सेल शीट. त्यात एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या, ३२ संघांपैकी कोणाला किती गुण मिळतील, प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) कोण जाईल आणि शेवटी स्टॅन्ली कप कोण उचलेल, हे लिहायचं. एकाचे प्लेऑफचे संघ सगळ्यांत जास्त जुळले होते. दुसरीचे त्याच्याहून कमी जुळले, पण तिने लिहिलेले गुण प्रत्यक्ष गुणांच्या कितीतरी जवळ होते. दोघंही खरंच बोलत होते, पण पाकीट एकच होतं. शीट माझ्याकडे असते, त्यामुळे निवाडाही माझ्याच गळ्यात आला. पैसे दोघांत वाटून मी वेळ मारून नेली. मग शनिवारी चहा घेऊन बसले आणि जिंकायचं माप नक्की कोणतं असावं, याचा हिशेब मांडला.

तुमच्याही ग्रुपवर अशी पैज लागत असेल, किंवा एखादा विश्लेषक 'माझे अंदाज सगळ्यांत अचूक' म्हणत असेल आणि ते पारखून बघायचं असेल, तर या मापांची तुलना उपयोगी पडेल. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडकी आणि धनराज पिल्ले येतात. इथे मात्र विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे.

नियमांचं जरुरीपुरतं सांगते. प्रत्येक संघाचे ८२ सामने होतात. जिंकलं की २ गुण. ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी १ गुण, आणि साठ मिनिटांतच हरलं तर शून्य. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग (कॉन्फरन्स), आणि प्रत्येकात आठ-आठ संघांचे दोन गट (डिव्हिजन). ३२ पैकी १६ संघ प्लेऑफला जातात: चार डिव्हिजनमधले पहिले तीन-तीन, आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून उरलेल्यांतले सगळ्यांत जास्त गुणांचे दोन, म्हणजे वाइल्ड कार्ड. हरणाऱ्यालाही कधीकधी गुण मिळत असल्यामुळे लीगची एकूण बेरीज ठरलेली नसते. १३१२ सामन्यांचे २६२४ गुण नक्की, आणि जेवढे सामने साठ मिनिटांपुढे गेले तेवढे वर. २०२३-२४ मध्ये असे सामने २७१ होते आणि २०२४-२५ मध्येही बरोब्बर २७१. मी दोनदा बेरीज करून पाहिली. दोन्ही वर्षी एकूण २८९५ गुण, म्हणजे संघामागे साधारण ९०.५.

मापांची परीक्षा घ्यायला तीन आळशी गडी

ऑफिसातल्या कोणाचे अंदाज इथे चव्हाट्यावर मांडायचे नाहीत. त्याऐवजी २०२४-२५ च्या हंगामासाठी मी तीन असे अंदाज तयार केले, जे हॉकीचा एकही सामना न पाहिलेला माणूससुद्धा दोन मिनिटांत करू शकेल. पहिला 'मागचं पान पुढे': गेल्या वर्षी ज्याला जेवढे गुण, तेवढेच यंदा. (ॲरिझोनाचा संघ २०२४ मध्ये युटाला गेला, म्हणून ॲरिझोनाचे ७७ गुण युटाच्या नावावर.) दुसरा 'सगळे सारखे': प्रत्येकाला सरसकट ९०.५. तिसरा 'अर्ध्यावर': मागच्या वर्षीचे गुण आणि ९०.५ यांच्या बरोब्बर मधला आकडा. हे अर्धं मी सोयीसाठी धरलंय, त्यामागे काही शास्त्र नाही.

| माप | मागचं पान पुढे | सगळे सारखे | अर्ध्यावर |
|---|---|---|---|
| प्लेऑफचे संघ जुळले (१६ पैकी) | ११ | सांगताच येत नाही | ११ |
| सरासरी चूक (गुण) | १२.३ | ११.८ | १०.२ |
| चुकीचे वर्ग, सरासरी, मग वर्गमूळ | १४.७ | १४.६ | ११.८ |

पुढचं सगळं या तक्त्याभोवतीच फिरतं.

संघ मोजणं: सगळ्यांत लोकप्रिय, सगळ्यांत आंधळं

पहिली ओळ बघा. 'मागचं पान' आणि 'अर्ध्यावर' या दोघांनाही ११. तसं होणारच, कारण सगळ्यांना सरासरीकडे निम्मं ओढलं तरी कोण वर आणि कोण खाली हा क्रम बदलत नाही. खालच्या दोन ओळी सांगतात की या दोन अंदाजांच्या दर्जात चांगलाच फरक आहे, पण संघ मोजणाऱ्या मापाला तो दिसतच नाही.

दुसरं असं की ११ हा आकडा भारदस्त वाटतो. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या तरी सरासरी ८ जुळतात, आणि मागच्या वर्षीची यादी उतरवून काढली की ११. तेव्हा कोणी 'माझे १२ आले' म्हणून कॉलर ताठ केली, तर त्याची खरी कमाई एका संघाची.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. २०२४-२५ मध्ये सेंट लुईस आणि कॅल्गरी दोघांचेही ९६ गुण झाले. साठ मिनिटांच्या आत जिंकलेले सामने सेंट लुईसचे जास्त, म्हणून सेंट लुईस आत गेलं आणि कॅल्गरी बाहेर राहिलं. आता समजा, मी लिहिलं होतं 'कॅल्गरी ९७, आत', आणि माझ्या शेजाऱ्याने लिहिलं होतं 'कॅल्गरी ७५, बाहेर'. या मापाने मला भोपळा आणि शेजाऱ्याला शाबासकी! मी एका गुणाने चुकले, तो एकवीस गुणांनी.

पैजेची गंमत म्हणून हे माप ठेवा. एप्रिलच्या शेवटच्या सामन्यापर्यंत धाकधूक राहते, आणि आजीलाही समजावून सांगता येतं. अचूकता ठरवायला मात्र वापरू नका.

क्रमवारी: दिसते त्यापेक्षा बरी

डिव्हिजनमधला क्रम लिहून घ्यायचा आणि प्रत्येक संघ किती जागा सरकला याची बेरीज करायची. आठ संघ नुसते पिसून लावले तर ही बेरीज सरासरी २१ येते. पॅसिफिकमध्ये 'मागचं पान' लावल्यावर आली १२. व्हँकुव्हर पहिल्यावरून पाचव्यावर घसरलं, व्हेगस चौथ्यावरून पहिल्यावर गेलं, सॅन होजे तळाला होतं ते तळालाच राहिलं, आणि बाकीचे एकेक जागा इकडे-तिकडे. अटलांटिकमध्ये मात्र बेरीज २० आली. म्हणजे मागच्या वर्षीचा क्रम आणि पत्ते पिसून लावलेला क्रम यांत जवळपास काहीच फरक नाही. बॉस्टन एकटंच सहा जागा खाली आलं, आणि ओटावा न् मॉन्ट्रियल तीन-तीन जागा वर चढले. कुठल्या डिव्हिजनमध्ये भाकीत सोपं होतं आणि कुठे भल्याभल्यांची दांडी उडाली, हे या मापाने पटकन कळतं.

त्याचा दोष असा की जागा सगळ्या एकाच उंचीच्या धरल्या जातात. फ्लोरिडा ९८ आणि ओटावा ९७, फरक एका जागेचा. सिॲटल ७६ आणि सॅन होजे ५२, फरक तोही एकाच जागेचा.

गुणांतली चूक: माझं मत इथे

प्रत्येक संघासाठी अंदाजाचे गुण आणि प्रत्यक्ष गुण यांतला फरक काढायचा, अधिक-उणे सोडून द्यायचं आणि ३२ संघांची सरासरी घ्यायची. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम.

तक्त्यातली दुसरी ओळ पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, सूत्रच चुकलंय. 'सगळे सारखे' हा अक्षरशः काहीही न सांगणारा अंदाज, आणि त्याने मागच्या वर्षीच्या खऱ्याखुऱ्या गुणतक्त्याला हरवलं? मग कागदावर संघ एकेक करून तपासले. २०२३-२४ मध्ये १०४ किंवा जास्त गुण मिळवणारे संघ नऊ होते. त्यांतलं फक्त विनिपेग पुढच्या वर्षी वर गेलं (११० वरून ११६). बाकी आठही घसरले: न्यूयॉर्क रेंजर्स ११४ वरून ८५, बॉस्टन १०९ वरून ७६, व्हँकुव्हर १०९ वरून ९०. तळाला नेमकं उलटं. ८० च्या खाली सात संघ होते, आणि सातच्या सात वर आले. कोलंबस ६६ वरून ८९ वर, ॲनाहाइम ५९ वरून ८० वर.

यात जादू काही नाही. शंभरावर गुण मिळवणाऱ्या संघाच्या पदरात थोडं नशीबही पडलेलं असतं, गोलकीपर फॉर्मात असतो, दुखापती कमी झालेल्या असतात. ते दरवर्षी साथ देत नाही. शिवाय लीगची घडणच अशी आहे की वरच्याला खाली ओढायचं आणि खालच्याला हात द्यायचा. पगारावर कमाल मर्यादा आहे (२०२४-२५ साठी ८.८ कोटी डॉलर), आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चांगले पोरगे आधी उचलायची संधी तळच्या संघांना. हे ओळखूनच 'अर्ध्यावर'चा आकडा १०.२ पर्यंत उतरला. अमुक एका खेळाडूबद्दल काहीही ठाऊक नसताना.

आता साधी सरासरी की वर्ग करून? 'मागचं पान'मधल्या सगळ्यांत मोठ्या तीन चुका बॉस्टन (३३), नॅशव्हिल (३१) आणि रेंजर्स (२९) यांच्या. साध्या बेरजेत या तिघांचा वाटा चोवीस टक्क्यांच्या आसपास. वर्ग केले की तोच वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे वर्गाच्या मापात ३२ संघांची परीक्षा राहत नाही, बरीचशी तीन संघांचीच होते. नॅशव्हिलचंच बघा. १ जुलै २०२४ ला त्यांनी स्टीव्हन स्टॅमकोस, जॉनथन मार्शसो आणि ब्रेडी शे असे तीन मोठे मासे एका दिवसात गळाला लावले. ऑक्टोबरात त्यांना शंभर गुण देणारा माणूस मूर्ख नव्हता. संघ ६८ वर संपला. अशा एका धक्क्यावरून वर्षभराचा निकाल ठरावा असं मला वाटत नाही, म्हणून ऑफिससाठी मी साधी सरासरी निवडते. स्वतःचं मॉडेल बांधणाऱ्याने वर्गाचं माप जवळ ठेवावं. आपण कुठे ठार चुकतो ते त्याला कळायलाच हवं.

या मापाची आणखी एक सोय म्हणजे त्याला खालून तळ आहे, आणि तो अंदाजे काढता येतो. समजा, प्रत्येक संघाची खरी ताकद देवाने कानात सांगितली, तरी ८२ सामन्यांत पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कुठल्या खांबाला लागून कुठे उडेल हे कोण सांगणार? सगळे सामने बरोबरीचे धरून, ओव्हरटाइमचा जास्तीचा गुण हिशेबात घेऊन मी गणित मांडलं, तर निव्वळ योगायोगामुळे होणारी सरासरी चूक साधारण पावणेसात गुण येते. म्हणजे खेळायला मैदान उरलं पावणेसात ते सव्वादहा एवढंच. कोणी एखाद्या वर्षी आठवर आला तर त्याला सलाम करा. 'माझी चूक दरवर्षी चार-पाचच गुणांची असते' असं कोणी म्हणालं, तर त्याची ऑक्टोबरातली शीट मागा, आणि ती खरंच ऑक्टोबरातली आहे का तेही बघा.

टक्क्यांत बोलणाऱ्यांसाठी

वेधशाळेची थट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण अंदाज तपासण्याचं सगळ्यांत प्रामाणिक माप हवामानवाल्यांकडूनच आलंय. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने ते १९५० मध्ये मांडलं. 'आत' किंवा 'बाहेर' म्हणण्याऐवजी 'आत जाण्याची शक्यता ७० टक्के' म्हणायचं. गेला तर प्रत्यक्ष १, नाही तर ०. फरकाचा वर्ग करायचा आणि सरासरी घ्यायची. आकडा जितका लहान तितकं चांगलं.

सगळ्यांना ५० टक्के देणाऱ्या माणसाला निकाल काहीही लागला तरी ०.२५ मिळतात. प्लेऑफला निम्मेच संघ जातात, त्यामुळे हीच इथली पायरी. आता 'मागचं पान' छातीठोकपणे वापरू: गेल्या वर्षीच्या सोळांना १०० टक्के, उरलेल्यांना शून्य. पाच संघ आत यायचे राहिले आणि पाच अनपेक्षित आले, म्हणजे ३२ पैकी १० चुका. ब्रायर येतो ०.३१, 'मला काहीच माहीत नाही' म्हणणाऱ्यापेक्षाही वाईट! त्याच यादीला १०० ऐवजी ७० आणि शून्याऐवजी ३० टक्के दिले की ०.२१५ पर्यंत खाली येतो. यादी तीच, संघ तेच. फक्त आवाज थोडा खाली आणला.

याचाच एक कडक भाऊ आहे, लॉगरिदमवाला. त्यात १०० टक्के सांगून चुकलात तर दंड अनंत. ऑफिसात तो आणू नका, पहिल्याच वर्षी कोणीतरी अनंताच्या खड्ड्यात पडेल आणि पुढच्या वर्षी खेळणार नाही.

ब्रायरची अडचण गणितात नाही, ती माणसांत आहे. 'डेट्रॉइटची शक्यता किती टक्के?' विचारलं की लोक एक तर शून्य म्हणतात नाहीतर शंभर. आमच्या शीटमध्ये एकदा हा रकाना ठेवला होता. निम्म्यांनी रिकामा सोडला.

कप कोणाचा, हे विचारा, पण मोजू नका

२०१९ च्या जानेवारीत सेंट लुईस अख्ख्या लीगमध्ये तळाला होतं, जूनमध्ये कप त्यांच्याच हातात होता. त्याच वर्षी टॅम्पाने ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना ४-० ने घरी पाठवलं. २०२२-२३ मध्ये बॉस्टनने १३५ गुणांचा विक्रम केला आणि पहिल्या फेरीत ९२ गुणांच्या फ्लोरिडाकडून हरलं. त्याआधी २०१७-१८ मध्ये अगदी नवाकोरा व्हेगस संघ १०९ गुण मिळवून अंतिम फेरीपर्यंत गेला होता. वर्षाला एकच निकाल, तोही असा. त्यावरून अंदाज करणाऱ्याची पारख करायला शंभर वर्षं लागतील. आमच्याकडे कपसाठी वेगळं बक्षीस असतं: एक कॉफी. आमच्या टोरांटोच्या लीफ्सनी शेवटचा कप जिंकला १९६७ मध्ये, तरी दरवर्षी कोणी ना कोणी ती कॉफी त्यांच्यावर लावतंच.

शीट बनवण्याआधी

पहिल्या सामन्याआधी शीटला कुलूप लावा. हंगामात जे घडतं ते नंतर 'मला वाटलंच होतं'मध्ये जमा होतं. बॉस्टनने नोव्हेंबर २०२४ मध्ये जिम माँटगोमेरी या प्रशिक्षकाला काढलं. काही दिवसांतच सेंट लुईसने त्यांना नेमलं, आणि सेंट लुईस प्लेऑफला गेलं. डिसेंबरात हे सगळ्यांनाच कळत होतं.

प्रत्येकाच्या ३२ आकड्यांची बेरीज करून बघा. ती २९०० च्या आसपास हवी. आमच्याकडे बहुतेकांची ३००० च्या वर जाते, कारण आवडत्या संघांना वाढवताना नावडत्यांचे गुण कापायला कोणी तयार नसतं. ३००० गुण व्हायला पावणेचारशे सामने ओव्हरटाइममध्ये जावे लागतील. ज्याची बेरीज फुगलेली, त्याला खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगा, दुरुस्त करू द्या.

वर्षावर्षांची तुलना करायची तर गुण प्रति सामना काढा. २०२०-२१ मध्ये ५६च सामने झाले होते, आणि २०२६-२७ पासून ते ८४ होणार आहेत. एका वर्षाच्या निकालावरून कोणाला ज्योतिषी ठरवू नका, कुडमुड्याही ठरवू नका. एकाचे गुण वाढले की दुसऱ्याचे कमी होतात, त्यामुळे ते ३२ आकडे खरं तर एकमेकांना बांधलेलेच असतात, ३२ वेगवेगळ्या परीक्षा नसतात. माझा वरचा तक्ताही एकाच हंगामाचा आहे, तेवढ्याच वजनाने वाचा.

आणि सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी काढून तिचाही एक रकाना ठेवा. वर्गाच्या मापाने ती सरासरी गटातल्या सरासरी माणसापेक्षा कधीच वाईट ठरत नाही, हे गणितानेच सिद्ध होतं. प्रत्यक्षात ती बहुतेकांना मागे टाकते, आणि बहुतेकांना ते आवडत नाही.

बाजाराचा भाव हेही एक माप आहे. ओंटारियोत एप्रिल २०२२ पासून खाजगी कंपन्यांची ऑनलाइन बेटिंग कायदेशीर आहे, त्यामुळे प्रत्येक संघाच्या गुणांची 'वर की खाली' रेघ, म्हणजे ज्या आकड्याच्या वर किंवा खाली पैसे लावायचे तो आकडा, ऑक्टोबरात सहज मिळते. पैसे न लावताही ती रेघ शीटमध्ये उतरवून ठेवता येते. कपच्या भावांची टक्केवारी काढाल तर बेरीज शंभराच्या वर जाईल. ती वरची मलई बुकीची, ती काढून मगच तुलना करा.

तर निवड अशी. मित्रांची पैज असेल तर गुणांतली साधी सरासरी चूक, आणि बरोबरी झालीच तर जुळलेले संघ मोजा. कोणी टक्क्यांत लिहीत असेल तर ब्रायर, आणि तेही चार-पाच हंगामांचा एकत्र. एखाद्या विश्लेषकाची पारख करायची असेल तर दोन्ही, पण शेजारी आळशी गडी उभा करूनच.

आमच्या शीटमध्ये आता तो गडी कायमचा आलाय. शेवटच्या रकान्यात नाव लिहिलंय 'अर्ध्यावर', आणि इतरांसारखेच त्याचेही पाच डॉलर पाकिटात पडतात. अर्थात माझ्या खिशातून.